डांबराच्या जागी काय?

रस्त्यांवर व्याख्यान आहे असे जाहीर झाले की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. खड्डे, ठेकेदार आणि नगरपालिका या तिघांचा आज समाचार घेतला जाणार! त्या विषयावर बोलण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे आणि तो प्रत्येकजण रोज बजावतोही. त्यासाठी निराळे व्याख्यान कशाला? मला आज खड्ड्याच्या काठावर थांबून थोडे आत डोकवावयाचे आहे. खडीला खडी धरून ठेवणारा तो काळा चिकट पदार्थ म्हणजे नेमके काय, तो येतो कोठून, आणि त्याच्या जागी दुसरे काही घालता येईल काय, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या पदार्थांना लावतो. एक दगडी कोळशाचे डांबर. कोळसा बंद भट्टीत तापवून गॅस किंवा कोक करताना जो काळा, उग्र वासाचा, दाट द्रव निघतो तो. दुसरे खनिज तेलाचे डांबर. तेलशुद्धीच्या कारखान्यात पेट्रोल, रॉकेल, डिझेल अशी हलकी द्रव्ये एकामागून एक काढून घेतली की तळाशी जो जड गाळ उरतो तो. इंजिनियर मंडळी याला बिटुमेन म्हणतात आणि आज रस्त्यावर पडते ते हेच. पण लोकरीच्या कपड्यांत आपण ज्या ‘डांबराच्या गोळ्या’ ठेवीत आलो, त्यांचे नॅफ्थलीन मूळचे कोळशाच्या डांबरातले. घरातल्या कपाटाने जुने डांबर लक्षात ठेवले, रस्ता मात्र ते विसरला. तो का विसरला, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. म्हणून थोडे मागे जाऊ.

डांबर जमिनीतून आपोआपही वर येते. मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानकुंडातून पाणी झिरपू नये म्हणून असल्याच नैसर्गिक डांबराचा थर दिलेला सापडला आहे. बाबिलोनच्या राजांनी मिरवणुकीच्या मार्गाच्या विटा डांबरात बसविल्या. पॅरिस शहरात १८५४ साली डांबर मुरलेला चुनखडक दळून, तापवून, ठोकून एक रस्ता केला गेला. पण हे सर्व थोडक्यांचे वैभव. सर्वसाधारण चांगला रस्ता म्हणजे मॅकॅडमचा रस्ता, अर्थात आपले खडीकरण. ठराविक आकाराची खडी पसरावयाची, दाबावयाची, वर बारीक चुरा व पाणी मारावयाचे. गाड्यांची चाके लोखंडी धावेची असत. ती खडी भरडून थोडा चुरा करीत आणि तो चुरा फटींत बसून रस्ता आणखी घट्ट होई. बैलगाडी रस्ता झिजवीही आणि सांधीही, असे म्हणावयास हरकत नाही.

मोटार आली आणि हा हिशेब मोडला. रबरी चाक खडी भरडीत नाही. ते वेगाने जाताना फटींतला चुरा ओढून बाहेर फेकते. रस्ते उखडू लागले आणि गावेच्या गावे धुळीने भरली. मोनॅकोमध्ये गुग्लिएलमिनेत्ती नावाचे एक स्विस डॉक्टर होते. धूळ फुप्फुसांना वाईट, या वैद्यकीय कळकळीने त्यांनी १९०२ साली तेथल्या रस्त्याच्या एका तुकड्यावर कोळशाचे गरम डांबर ओतविले. धूळ बसली. लोकांनी त्यांना कौतुकाने ‘डॉक्टर डांबर’ हेच नाव दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हूली या सर्व्हेयरने लोखंडाच्या भट्टीतली मळी आणि डांबर मिसळून रस्ता करण्याचे पेटंट घेतले. शहरोशहरी गॅसचे कारखाने होते, त्यांच्या दारात डांबर नको इतके साठलेले होते. टाकाऊ वस्तू कामास आली, धूळ गेली, आरोग्य सुधारले. यापेक्षा चांगला पर्याय कोणता?

आता पुढचे ऐका. लंडनच्या धुराड्या साफ करणाऱ्या पोरांना पुढे विशिष्ट प्रकारचा कर्करोग होतो आणि त्याचे मूळ काजळीत आहे, असे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ सालीच लिहून ठेवले होते. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या दोन जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना कोळशाचे डांबर महिनोन् महिने चोळून तेथे कर्करोग उत्पन्न करून दाखविला. डॉक्टरांनी फुप्फुसांसाठी आणलेले औषध कातडीवर आणि फुप्फुसांवर उलटणारे निघाले. आज कोळशाच्या डांबराचा राळभाग निःसंशय कर्कजनक पदार्थांच्या यादीत आहे. तेलाच्या डांबरात ही घातक द्रव्ये फारच कमी असतात. तरी रस्त्यावर काम करताना त्याच्या ज्या वाफा येतात त्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘संभवतः कर्कजनक’ या वर्गात घातले आहे. म्हणजे तेही अगदी निर्दोष नाही. नेदरलँड्समध्ये जुना रस्ता उकरताना त्यात कोळशाचे डांबर आढळले तर तो माल पुन्हा रस्त्यात घालू देत नाहीत. भट्टीत जाळून खडी वेगळी करावी लागते. आजोबांनी फुकट मिळाले म्हणून घातले, नातू ते काढण्याचे पैसे भरीत आहे.

ही हकीकत मी विस्ताराने सांगितली याचे कारण असे की डांबराला पर्याय म्हणून आज जे जे पुढे येते, त्यातले बहुतेक असेच कोणाच्या तरी दारात नकोसे साठलेले असते. प्लॅस्टिकचा कचरा, जुने टायर, भाताचा पेंढा, कागद कारखान्याची काळी मळी. टाकाऊतून टिकाऊ ही कल्पना आपल्या मनाला फार गोड वाटते. ती खोटी नाही. पण गोड वाटते म्हणून तिची परीक्षा सौम्य करावी असे मात्र नाही.

डांबर मुळात करते काय? रस्त्याच्या वरच्या थरात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी, कच व दगडाची भुकटी असते. डांबर फक्त पाचएक टक्के. भिंतीत सिमेंटचे जे काम तेच येथे डांबराचे असे आपण समजतो, पण दोघांचा स्वभाव निराळा. सिमेंट एकदा दगड झाले की झाले. डांबर कधीच पुरते घट्ट होत नाही. १५० ते १६० अंशांना ते पातळ होऊन खडीच्या प्रत्येक कणाला माखते, थंड झाले की धरून ठेवते, आणि तरीही चाकाखाली केसभर दबून पुन्हा वर येते. विदर्भातल्या मे महिन्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो, तेव्हा त्याने वितळून चाकाबरोबर वाहत जाऊ नये; हिमालयातल्या थंडीत काचेसारखे तडकू नये. आपल्याकडे पूर्वी डांबराची प्रत सुईने ठरवीत. २५ अंशांना १०० ग्रॅम वजनाची सुई ५ सेकंदांत किती आत जाते ते मोजावयाचे, आणि ६०-७० किंवा ८०-१०० असे नाव द्यावयाचे. भारतीय मानकात २००६ साली ही पद्धत बदलली आणि ६० अंशांना डांबर किती दाट राहते यावर प्रत ठरू लागली. बदल लहान दिसतो, पण तो आपल्या उन्हाला मान देणारा आहे.

आणि हे किती लागते? सात मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता घ्या, त्यावर फक्त ४० मिलिमीटरचा शेवटचा थर द्या. माल होतो २८० घनमीटर, म्हणजे अंदाजे ६७० टन. साडेपाच टक्क्यांनी डांबर झाले ३७ टन. देशभर वर्षाला ८० लाख टनांहून अधिक डांबर लागते आणि त्याचा मोठा हिस्सा बाहेरून जहाजांनी येतो. जे येथे तयार होते त्याचेही कच्चे तेल बहुतांशी परदेशचेच. आखातात तोफा वाजल्या की सोलापुरातल्या एखाद्या जिल्हा मार्गाचे अंदाजपत्रक कोलमडते ते यामुळे.

आता पर्यायांकडे वळू. या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपविल्या जातात. काही पदार्थ डांबराचा गुण सुधारतात, काही त्यात भर घालून ते पुरवितात, आणि अगदी थोडे त्याची जागा खरोखर घेऊ पाहतात. वर्तमानपत्रातला मथळा तिघांनाही एकच असतो.

गुण सुधारणाऱ्यांत रबर जुने. अमेरिकेतल्या ॲरिझोनात चार्ल्स मॅकडोनाल्ड या इंजिनियरने १९६० च्या दशकात जुन्या टायरांचा चुरा गरम डांबरात शिजवून तडे गेलेल्या रस्त्यांवर वापरला. केरळात रबराच्या चिकाचाही असा उपयोग झाला आहे. रबराने डांबराला लवचिकपणा येतो यात शंका नाही. फक्त मिश्रण सतत ढवळत ठेवावे लागते, नाही तर चुरा तळाशी बसतो. आणि टाकी ढवळली की नाही हे रस्ता पाहून पहिल्या वर्षी कोणाला सांगता येत नाही.

प्लॅस्टिकच्या रस्त्याचा आपल्याकडे बराच बोलबाला झाला आणि त्याचे श्रेय मदुराईच्या त्यागराजर इंजिनियरिंग कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांचे. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची युक्ती साधी आहे. प्लॅस्टिक डांबरात न टाकता त्याचे बारीक तुकडे आधी तापलेल्या खडीवर टाकावयाचे. सुमारे १६०-१७० अंशांना पिशव्यांचे प्लॅस्टिक मऊ होऊन खडीला पातळ लेपासारखे बसते, आणि मग त्यावर डांबर. दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी शिरण्यास अडथळा होतो, पकड वाढते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ साली याची मार्गदर्शिकाही काढली. तीत प्लॅस्टिकचे प्रमाण डांबराच्या ६ ते ८ टक्के. आपल्या ३७ टनांच्या किलोमीटरात हे फार तर ३ टन झाले. तीन टन पिशव्या नाल्यात न जाता रस्त्यात गेल्या ही चांगली गोष्ट आहे. पण डांबर अजून ३४ टन लागतेच. शिवाय कोणतेही प्लॅस्टिक चालत नाही. पीव्हीसी तापले की त्यातून मिठाच्या आम्लाच्या वाफा निघतात. पिशव्या निवडणाऱ्या बाईला हा फरक कोणी शिकविला आहे काय, यावर त्या रस्त्याचे आरोग्य अवलंबून आहे. आणि झिजलेल्या थरातून प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण पावसाबरोबर शेतात किती जातात, हा प्रश्न नेदरलँड्सच्या नातवाची आठवण ठेवून आजच विचारला पाहिजे.

भर घालणाऱ्यांत गंधकाची गोष्ट बोधप्रद आहे. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिका आणि कॅनडाने डांबरात गंधक मिसळून पाहिले. तेल व वायू शुद्ध करताना गंधक निघतेच, त्याचे पिवळे डोंगर साठले होते. ते १२० अंशांच्या आतबाहेर वितळते, डांबरात बऱ्यापैकी मिसळते आणि थंड झाल्यावर रस्ता कडक करते. परंतु गंधक डांबराच्या दुप्पट जड. एक टन डांबराची जागा भरावयास एक टन गंधक पुरत नाही. मिश्रण १५० अंशांच्या वर गेले की कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. आणि खतकारखान्यांची मागणी वाढली की गंधक महाग होते. रस्ता खड्ड्यांनी नव्हे, बाजारभावाने हरला.

खरी जागा घेऊ पाहणारा पदार्थ म्हणजे लिग्निन, आणि येथे आपला महाराष्ट्र प्रत्यक्ष येतो. झाडाच्या लाकडात सेल्युलोजचे धागे असतात. त्यांना एकत्र चिकटवून झाड उभे ठेवणारे द्रव्य लिग्निन. लाकडाच्या वजनात त्याचा वाटा साधारण चौथाई, उसाच्या चिपाडातही बऱ्यापैकी. म्हणजे निसर्गाने बनविलेले हे बंधकच. रासायनिक घडणीत ते डांबरातल्या जड घटकांशी काहीसे मिळतेजुळते आहे. नेदरलँड्समध्ये झीलंड प्रांतात २०१५ साली डांबराचा अर्धा भाग काढून त्याजागी लिग्निन घातलेला छोटा प्रायोगिक तुकडा झाला. आपल्याकडे मेघालयातल्या जोराबाट-शिलाँग महामार्गावर २०२२ साली १०० मीटरचा जैविक डांबराचा तुकडा केला गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ वर नागपूरजवळ मनसर येथे एक किलोमीटरचा पट्टा झाला. त्यात लिग्निनपासूनचे जैविक डांबर पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे, आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचे सहकार्य. प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत. आपल्या हिशेबात किलोमीटरला साडेपाच टन. प्लॅस्टिकच्या जवळजवळ दुप्पट, आणि मुख्य म्हणजे हे शेतातून येणारे.

मग १५ टक्केच का, शंभर का नाही? लिग्निन डांबरासारखे वितळत नाही. ते भुकटीच्या रूपाने डांबरात पसरते. प्रमाण वाढविले तर मिश्रण ताठ होते. विदर्भाच्या उन्हात ताठपणा उपयोगाचा. पण फार झाला तर तडे जातात, म्हणून बरोबर एखादे मऊ करणारे तेल घालावे लागते. दुसरी गोष्ट पैशाची. साखर कारखान्यात चिपाड वाया जात नाही, बॉयलरमध्ये जळते आणि त्यावर वीज होते. चिपाडातला सर्वांत चांगला जळणारा भाग लिग्निनच. ते रस्त्यासाठी काढून घेतले तर बॉयलरला दुसरे काही द्यावे लागेल. चिपाडापासून किंवा पेंढ्यापासून इथेनॉल करणारे जे नवे कारखाने आहेत त्यांच्याकडे लिग्निन शिल्लक राहते. खरा पुरवठा तेथून होणार. पंजाबात पेटविला जाणारा भाताचा पेंढा हवाबंद भांड्यात तापवून त्यातून तेलासारखा द्रव काढण्याचाही मार्ग आहे. मात्र त्या द्रवात पाणी आणि आम्ले फार असतात, तो हवेत लवकर कडक होतो. त्याचा जड भाग निवडून घ्यावा लागतो. आणि शेतकऱ्याला पेंढ्याचा भाव दारात मिळाला नाही तर तो काडी ओढणारच. त्याला दोष देऊन भागणार नाही, पुढच्या पेरणीला त्याच्यापाशी थोडेच दिवस असतात.

कोकण-गोव्याच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगतो. काजूच्या टरफलातले तेल हातांना भाजते हे काजू फोडणाऱ्या बायकांना चांगले माहीत आहे. काजू मूळचा ब्राझीलचा, आणि तेथेच या तेलाचा डांबरात थोड्या प्रमाणात उपयोग करून मिश्रण कमी उष्णतेवर करता येईल काय याचे प्रयोग झाले. ही दिशा मला विशेष महत्त्वाची वाटते. उष्णता वीस-तीस अंशांनी उतरली तरी जळण वाचते आणि धूर पुष्कळ कमी होतो. पायांना गोणपाट गुंडाळून, तोंडाला पदर लावून गरम मालावर उभे राहणारे जे मजूर आहेत, त्यांची फुप्फुसे ‘पर्यायी’ नाहीत. नव्या बंधकाची जाहिरात करताना खर्च, टिकाऊपणा आणि कार्बन यांचे आकडे देतात. वाफेत काय निघते याचा आकडा मी फार क्वचित पाहिला आहे.

कोणी विचारील, एवढे करून खड्डे थांबतील काय? केवळ बंधक बदलून नाही. दख्खनचा काळा दगड डांबराला चांगला धरतो. ग्रॅनाइटसारख्या दगडापेक्षा पुष्कळच चांगला. तरी पावसाळ्यात पाणी थरात साठले आणि वरून चाकांनी ते दाबले की डांबर खडीवरून सुटते. थर गरम असताना पुरता दाबलेला नसेल, बाजूला पाणी जाण्यास चर नसेल, तर लिग्निन काय आणि अमृत काय! पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात झाला आणि पुढे अनेक दशके जवळजवळ बिनखड्ड्याचा राहिला. त्यात कोणतेही नवे बंधक नव्हते. साधे डांबर, नीट माल, नीट दाब, पाण्याची वाट.

अगदी निराळ्या टोकालाही एक उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन मटेओ पुलावर १९६७ साली एपॉक्सी मिसळलेले डांबर घातले, आणि ते कित्येक दशके टिकले. पण एपॉक्सी एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. पुलाला ते शोभते. गल्लीबोळांत, जेथे दर दोन वर्षांनी नळासाठी खणावयाचे, तेथे त्याचा काय उपयोग? साध्या डांबराचा हा गुण आपण विसरतो की ते तापविले की पुन्हा कामास येते. नव्या प्रत्येक मिश्रणाला म्हणून मी हा प्रश्न विचारीन: वीस वर्षांनी हा रस्ता उकरून, तापवून पुन्हा घालता येईल काय?

आणि हा प्रश्न विचारला की लक्ष पायाखाली जाते. आपल्या शहरांत जुन्या थरावर नवा थर, त्यावर आणखी नवा, असे चालते. रस्ता चढत जातो आणि दुकानाच्या, घराच्या पायऱ्या जमिनीत जातात. जोराचा पाऊस झाला की पाणी उंबरा ओलांडते. तोच वरचा थर यंत्राने खरवडून काढला तर मिळणाऱ्या प्रत्येक टनात चाळीस-पन्नास किलो डांबर असते. उन्हाने व हवेने ते कडक झालेले असते. त्यात मऊ प्रतीचे नवे डांबर किंवा योग्य तेल घालून त्याला पुन्हा वळण लावता येते. लिग्निन ताठ करते, ही तेले मऊ करतात. दोघांचा मेळ घालण्याचे प्रयोग याच कारणाने चालले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने जुन्या मालाच्या पुनर्वापराचे नियम २०१५ सालीच दिले आहेत. त्यासाठी खरवडलेला माल प्रतवार वेगळा ठेवावा लागतो आणि त्यावर छप्पर लागते; कारण उघड्यावर भिजलेली खडी सुकविण्यातच निम्मे जळण जाते.